ग्वाल्हेरचं पिस्तूल : साक्षीपुरावा तोलावा कसा

महात्मा गांधींवर ३० जानेवारी १९४८ रोजी ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते बेरेटा बनावटीचं होतं आणि त्यावर ६०६८२४ हा क्रमांक होता. सरकार पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे हत्येच्या दोनच दिवस आधी ते ग्वाल्हेरमध्ये नथुराम गोडसेच्या हाती पडलं. त्यामुळे या शहरातले एक मराठी डॉक्टर, दत्तात्रय परचुरे, खटल्यात आरोपी झाले. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली आणि सिमल्याच्या उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.

मी राहतो त्या ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये मराठी घरांत हा विषय निघाला की बहुधा दोनपैकी एक वाक्य कानी पडतं. ‘त्यांना उगाच गोवलं’ हे एक, आणि ‘पुरावा कमी पडला म्हणून सुटले’ हे दुसरं. पुरावा नेमका काय होता, कोणी दिला आणि तो कुठे तुटला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. फौजदारी खटल्यात साक्ष कशी तोलली जाते हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एकाच न्यायाधीशांनी, एकाच साक्षीदाराच्या आधारे काहींना दोषी धरलं आणि एकाला सोडलं. त्यांच्यावरच्या न्यायालयाने आणखी दोघांना सोडलं. हे का घडलं ते पाहिलं की पुराव्याचं शास्त्र बरंचसं हाती लागतं.

खटल्याचा आराखडा

न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर आठ आरोपी होते: नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा, शंकर किस्तय्या, गोपाळ गोडसे, विनायक दामोदर सावरकर आणि डॉ. परचुरे. ग्वाल्हेरचे आणखी तिघे फरार दाखवलेले होते. सरकार पक्षाची बाजू मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल चंद्रकिसन दफ्तरी यांनी मांडली. साक्षी २४ जून १९४८ पासून ६ नोव्हेंबरपर्यंत चालल्या आणि १४९ साक्षीदार तपासले गेले. कामकाज हिंदुस्थानी, मराठी आणि तेलुगू अशा तीन भाषांत समजावून सांगावं लागे. निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लागला.

‘शाबीत झालं’ कधी म्हणायचं?

दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय दिसते ते पाहिलं जातं. फौजदारी खटल्यात तेवढ्यावर भागत नाही. गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करण्याचं ओझं सरकार पक्षावर असतं आणि आरोपीने स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करायचं नसतं. शिवाजी साहेबराव बोबडे यांच्या महाराष्ट्रातल्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने गुन्हा ‘केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांत मोठं अंतर आहे, आणि शिक्षा दुसऱ्या टोकाला पोचल्यावरच देता येते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात उलट बाजूनेही बजावलं होतं. कसल्याही बारीकसारीक शंकेवर अपराधी सुटू लागले तर लोकांचा कायद्यावरचा भरवसा उडतो. म्हणून संशय वाजवी हवा. तो पुराव्यातून किंवा पुराव्याच्या अभावातून निघालेला हवा. कल्पनेच्या भराऱ्यांना त्यात जागा नाही.

या कसोटीचं मोल मला १९४८ सालाकडे पाहताना फार जाणवतं. हत्येच्या बातमीनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत जमावाने कित्येक ब्राह्मण घरं जाळली. ज्यांची घरं जळली त्यांचा हत्येशी काही संबंध नव्हता, फक्त मारेकऱ्याच्या जातीशी होता. त्याच वर्षी त्याच गुन्ह्यासाठी दिल्लीत एक न्यायाधीश प्रत्येक आरोपीचं नाव वेगळं काढून त्याच्याविरुद्ध कोण काय बोललं हे लिहीत बसले होते. संताप दोन्हीकडे होता, आणि तो योग्यच होता. पण नावाला नाव जोडून माणूस दोषी ठरत नाही, हे फक्त एका ठिकाणी पाळलं गेलं.

साक्षीदाराचं म्हणणं : आधी खरं का, मग पुरेसं का

साक्षीदार उभा राहिला की दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. हा खरं बोलतो आहे का? आणि खरं बोलत असेल, तर त्याच्या बोलण्याने शाबीत काय होतं? पहिल्या प्रश्नावर सगळ्यांचं लक्ष असतं. दुसरा निसटतो आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

ग्वाल्हेरच्याच साक्षी घेऊ. नथुराम आणि आपटे २७ जानेवारीच्या रात्री ग्वाल्हेर स्टेशनावर उतरले आणि परचुरेंच्या घरी गेले, हे सांगायला टांगेवाले साक्षीला आले. समजा त्यांचा शब्द न् शब्द खरा आहे. त्यातून एवढंच ठरतं की ती दोन माणसं त्या घरी पोचली. घरात काय बोलणं झालं हे टांग्यावर बसून ऐकू येत नाही. इथे आणखी एक गोष्ट आहे: ग्वाल्हेरला गेल्याचं नथुरामने स्वतःच नाकारलं नव्हतं. दिल्लीत निदर्शनं करायला स्वयंसेवक मिळावेत म्हणून आपण परचुरेंकडे गेलो आणि पिस्तूल नंतर दिल्लीच्या निर्वासित छावणीत विकत घेतलं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे भेटीबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो पिस्तुलाच्या व्यवहाराबद्दल आणि त्यात परचुरेंनी जाणूनबुजून मदत केली का याबद्दल. ज्यावर वाद नाही ते शाबीत करणाऱ्या पाच साक्षी आणल्या, तरी वादाच्या मुद्द्याला त्यांनी हात लागत नाही.

आता पहिला प्रश्न. साक्षीदार विश्वासू कसा ठरवायचा? वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली साक्षीदारांचे तीन वर्ग केले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय, आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या वर्गातला एकच साक्षीदार शिक्षेला पुरेसा होतो. दुसऱ्या वर्गातले दहाही उपयोगाचे नाहीत. तिसऱ्या वर्गाच्या साक्षीला मात्र बाहेरून दुजोरा शोधावा लागतो. किती साक्षीदार हवेत याचा आकडा आपल्या कायद्यात पूर्वी नव्हता आणि आजही नाही.

वर्ग ठरवताना उलटतपासणीत निघालेल्या तफावती पाहतात. इथे नवख्याची गफलत होते. तफावत दिसली की साक्षीदार खोटा, असा झटपट निष्कर्ष काढला जातो. भरवाडा खटल्यात १९८३ साली न्यायमूर्ती ठक्कर यांनी माणसाच्या स्मरणाबद्दल फार समंजसपणे लिहिलं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं मनात छायाचित्रासारखं उमटत नाही. अचानक घडलेल्या प्रसंगात एकाला एक गोष्ट दिसते, दुसऱ्याला दुसरी. वेळेचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो. कोर्टाच्या वातावरणाने आणि वकिलाच्या सरबत्तीने साधा माणूस गांगरतो. त्यामुळे साक्षीच्या गाभ्याला धक्का न लावणारी तफावत सोडून द्यायची, आणि गाभाच बदलला असेल तर थांबायचं. मारेकऱ्याच्या सदऱ्याचा रंग दोघांनी वेगळा सांगितला तर फारसं बिघडत नाही. पण पोलीस जबाबात ज्या आरोपीचं नावच नाही, ते कोर्टात पहिल्यांदा उगवलं तर ती मूळ कथेत मागाहून घातलेली भर असते आणि तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. माझ्या मते तंतोतंत जुळणाऱ्या साक्षी अधिक काळजीने वाचाव्यात. चार माणसं एकाच क्रमाने, एकाच शब्दांत सांगू लागली की ती पढवलेली असण्याचा संभव वाढतो.

नातेवाइकाच्या साक्षीबद्दलही एक गैरसमज आहे. मृताचा भाऊ किंवा मुलगा साक्षीदार असला की ‘हा तर त्यांचाच माणूस’ असं म्हटलं जातं. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विवियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात असताना १९५३ साली दलीपसिंग खटल्यात याचं उत्तर दिलं. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला गुंतवण्याची शक्यता उलट कमीच असते. जुनं वैर असेल तेव्हा मात्र सावध राहायचं. आणि एका मुद्द्यावर खोटं बोललेला साक्षीदार सगळ्याच बाबतीत खोटा, हा नियमही भारतीय न्यायालयांनी स्वीकारलेला नाही; कोंडा आणि धान्य वेगळं करणं हे न्यायाधीशाचं कामच आहे. फितूर साक्षीदाराची साक्षही त्यामुळे आपोआप पुसली जात नाही. तिच्यातला टिकणारा भाग वापरता येतो.

माफीचा साक्षीदार

दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रं विकत असे. २० जानेवारीला दिल्लीच्या बिर्ला हाउसवर स्फोट घडवून गांधीजींना मारण्याचा जो पहिला प्रयत्न झाला, त्यात तो स्वतः सामील होता. जून १९४८ मध्ये त्याला माफी मिळाली आणि तो सरकार पक्षाचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार झाला.

असा साक्षीदार जात्याच डागाळलेला असतो. त्याला आतलं सगळं माहीत असतं, म्हणून त्याच्याइतकं तपशीलवार कोणीच सांगू शकत नाही. पण आपली मान सोडवून घेण्याची किंमत म्हणून तो बोलत असतो. शिवाय कथा खरी ठेवून तिच्यात एखादं निरपराध नाव घालणं त्याला फार सोपं जातं, कारण कथेचा बाकी भाग कुठेही तपासला तरी खराच निघणार. धोका नेमका इथे आहे. म्हणून दुजोरा दोन प्रकारचा लागतो: गुन्हा त्याने सांगितला तसा घडला याला, आणि प्रत्येक आरोपीचा त्या गुन्ह्याशी संबंध आहे याला. दुसरा दुजोरा प्रत्येक आरोपीसाठी वेगळा शोधायचा असतो. एकाच्या विरुद्ध मिळालेला दुसऱ्याला लावता येत नाही.

बडगेची उलटतपासणी दिवसचे दिवस चालली. न्यायाधीशांनी त्याला सत्यवक्ता साक्षीदार मानलं आणि त्याच्या सांगण्याला जिथे स्वतंत्र दुजोरा मिळाला तिथे ते आधाराला घेतलं. मग सावरकरांच्या विरुद्धचा भाग आला. बडगेने सांगितलं की १७ जानेवारीला नथुराम आणि आपटे दादरच्या सावरकर सदनात वर गेले, तो स्वतः खालीच थांबला, आणि ते खाली येताना सावरकरांनी ‘यशस्वी होऊन या’ असे उद्गार काढले.

याला दुजोरा काय होता? त्या दिवशी टॅक्सी तिथे गेल्याचं टॅक्सीवाल्याने सांगितलं. त्याआधी १४ जानेवारीला पुण्याहून आलेल्या गोडसे-आपट्यांना चित्रपट अभिनेत्री शांताबाई मोडक यांनी आपल्या गाडीतून शिवाजी पार्कपाशी सोडलं होतं. तीही साक्ष झाली. दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या तरी त्या घराच्या दारापाशी थांबतात. त्याच घरात सावरकरांचे सचिव दामले आणि आणखी एक सहकारी भिडे हेही राहत होते, तेव्हा दारापर्यंत जाणं म्हणजे सावरकरांना भेटणं असं धरता येत नव्हतं. वर काय बोलणं झालं याचा साक्षीदार नव्हता, आणि तो उद्गार कशाला उद्देशून होता हेही सांगणारं कोणी नव्हतं. उरला तो एकट्या बडगेचा शब्द. तेवढ्यावर विसंबणं धोक्याचं, असं म्हणून न्यायाधीशांनी सावरकरांना सोडलं.

सावरकरांबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, निकालाच्या या भागाची शिस्त पाहण्यासारखी आहे. न्यायाधीशांनी बडगेला खोटा ठरवलं नाही. खऱ्या वाटणाऱ्या साक्षीदाराच्या बोलण्यालाही त्यांनी हद्द घातली.

याच १९४९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने भुबनी साहू खटल्यात सहअपराध्याच्या साक्षीबद्दल हाच धोका उलगडून दाखवला. तो निकाल मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांनी लिहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवनसिंग खटल्यात दुहेरी कसोटी घालून दिली: माफीचा साक्षीदार आधी स्वतः विश्वासार्ह वाटला पाहिजे, आणि मग त्याला पुरेसा दुजोराही मिळाला पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ मध्ये मात्र लिहिलेलं होतं की दुजोऱ्याविना दिलेली शिक्षाही केवळ तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम १३८ आलं आणि त्यात ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असे शब्द घातले गेले. न्यायालयं इतकी वर्षं सावधगिरी म्हणून जे पाळत होती ते आता कायद्याच्या मजकुरात आलं आहे, आणि ही चांगली सुधारणा आहे.

घटनेआधी बोललेला शब्द

मुंबईच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांची साक्ष वेगळ्या कारणाने मोलाची ठरली. मदनलालने आपल्याला एका मोठ्या नेत्याच्या जिवावरच्या कटाबद्दल सांगितलं होतं, असं ते म्हणाले. अशा साक्षीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घटना घडून गेल्यावर कोणीही म्हणेल, मला आधीच कळलं होतं. पण जैन यांनी ही गोष्ट २० जानेवारीच्या स्फोटापूर्वीच एका परिचिताच्या कानी घातली होती आणि स्फोटानंतर लगेच मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सांगितली होती. म्हणजे ३० जानेवारीनंतर रचण्याची संधीच नव्हती. साक्षीदार प्रथम कधी, कोणाला बोलला हे शोधणं ही साक्षीची उत्तम परीक्षा आहे. उशिरा बोललेल्याला उशिराचं कारण द्यावं लागतं.

कागद, कपडे, काडतुसं

माणसाची स्मृती डळमळते, वस्तूची नाही. म्हणून परिस्थितीजन्य पुरावा कित्येकदा प्रत्यक्षदर्शीपेक्षा भक्कम ठरतो. नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी वावरत होते. दिल्लीच्या मरीना हॉटेलात ते देशपांडे म्हणून उतरले, विमानाची तिकिटं दुसऱ्या नावांची होती, दिल्ली स्टेशनावरची विश्रांतीची खोली एन. विनायकराव या नावाने घेतलेली होती. पण मरीना हॉटेलात धुलाईला टाकलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी खूण होती. नथुराम विनायक गोडसे! रजिस्टरात नाव बदललं, कपड्यांवरचं राहून गेलं. त्याआधी १३ आणि १४ जानेवारीला नथुरामने आपल्या विम्याच्या दोन पॉलिसी आपट्याच्या आणि गोपाळ गोडसेच्या पत्नींच्या नावे केल्या होत्या. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी आहे. तारखांच्या क्रमाने मांडल्या की कट दिसू लागतो.

क्रमाने मांडताना कोणते नियम पाळायचे हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितलं आणि त्या निकालांची जमीन मराठी मुलखाजवळचीच आहे. मध्य प्रदेशातल्या नरगुंदकर खटल्यात १९५२ साली, आणि पुण्याच्या सारडा खटल्यात १९८४ साली. प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे पक्की शाबीत व्हावी. ती आरोपीच्या अपराधाशीच जुळावी, दुसऱ्या कोणत्याही वाजवी खुलाशाशी जुळू नये. साखळी इतकी पूर्ण हवी की निर्दोषत्वाला जागा उरू नये. सारडा खटल्यात खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरलेला आरोपी या कसोटीवर सुटला.

तज्ज्ञाचा पुरावाही याच मापाने पाहावा. पुंगळ्या आणि गोळ्या याच बेरेटातून सुटल्या, हे प्रयोगशाळेतला तज्ज्ञ सांगू शकतो. पिस्तूल दिल्लीत मिळालं की ग्वाल्हेरात, हे त्याला कसं सांगता येणार? पिस्तूल आणि नथुराम यांची गाठ पक्की होती. पिस्तूल आणि परचुरे यांची गाठ दुसऱ्याच धाग्याने बांधायची होती.

किल्ल्यातला कबुलीजबाब

तो धागा म्हणजे परचुरेंचा कबुलीजबाब. त्यांना ३ फेब्रुवारी १९४८ रोजी ताब्यात घेतलं गेलं आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. १८ फेब्रुवारीला प्रथम वर्ग दंडाधिकारी अटल यांनी तिथेच त्यांचा कबुलीजबाब नोंदवला. पुढे खटल्यात परचुरेंनी तो नाकारला. आपण स्वेच्छेने काही सांगितलं नाही, ही त्यांची बाजू.

किल्ला शहरात कुठूनही नजरेत भरतो, आणि त्याकडे पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो: पंधरा दिवस त्या तटाआड, पहाऱ्यात राहिलेल्या माणसाने दंडाधिकाऱ्यापुढे तोंड उघडलं, तेव्हा तो किती मोकळा होता? कबुलीजबाब तोलताना कायदा नेमकं हेच विचारतो. मजकूर खरा वाटतो का, हा प्रश्न नंतरचा. आधी तो धाक, आमिष किंवा आश्वासनाविना दिला गेला का, ते पाहायचं. आरोपी किती दिवस, कोणाच्या ताब्यात होता? दंडाधिकाऱ्याने त्याला विचार करायला वेळ दिला का? कबुली देणं बंधनकारक नाही आणि दिली तर ती विरुद्ध वापरली जाईल, हे त्याला समजेल अशा रीतीने सांगितलं का? जबाबानंतर तो पुन्हा त्याच पहारेकऱ्यांच्या हाती जाणार होता का? छापील प्रश्नांपुढे ‘होय’ लिहिलं म्हणजे हे काम झालं असं नाही. आणि कबुली नंतर नाकारलेली असेल, तर महत्त्वाच्या बाबींत तिला बाहेरून दुजोरा लागतोच.

ग्वाल्हेरच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १९४८ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेर भारतात सामील झालेलं, पण अजून संस्थानच होतं. मध्य भारत त्याच वर्षी मे महिन्यात अस्तित्वात आलं. परचुरेंचे वकील ग्वाल्हेरचेच पु. ल. इनामदार होते. संस्थानच्या प्रजाजनावर दिल्लीत खटला चालू शकतो का, असाही आक्षेप बचावाच्या बाजूने घेतला गेला. इनामदारांनी लाल किल्ल्यातल्या या खटल्यावर पुढे पुस्तक लिहिलं आणि ते १९७९ साली प्रसिद्ध झालं. देशभर संताप धुमसत असताना गांधीहत्येच्या आरोपीचं वकीलपत्र घेणं सोपं नव्हतं, आणि बचावाचा वकील नसता तर त्या कबुलीजबाबाला प्रश्न विचारणारंही कोणी नसतं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आत्माचरण यांनी कबुलीजबाब मानला. अपील सिमल्यात पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे आलं: भंडारी, अछरूराम आणि खोसला. जून १९४९ च्या निकालात त्यांनी त्या कबुलीजबाबाच्या आधारे परचुरेंना दोषी धरणं मान्य केलं नाही. तो बाजूला झाल्यावर उरलेली ग्वाल्हेरची साक्ष त्यांचा कटातला हात शाबीत करायला पुरली नाही आणि ते सुटले. नथुराम आणि आपटे यांची फाशी कायम राहिली. त्यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं.

बडगेचा नोकर शंकर

परचुरेंबरोबर शंकर किस्तय्याही सुटला. तो बडगेचा तेलुगू नोकर. शस्त्रांच्या पिशव्या वाहायचा, मालक सांगेल तिथे जायचा. तो २० जानेवारीला दिल्लीत होता, शस्त्रांना त्याने हात लावला होता, हे सगळं खरं. पण कटात सामील व्हायला कट माहीत असावा लागतो. हजेरी आणि जाणीव यांतलं हे अंतर आजही दंगलीच्या आणि टोळीच्या खटल्यांत पुसट होताना दिसतं.

आज काय वेगळं असतं

आज परचुरेंचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवला गेला असता. आरोपीच्या वकिलासमोर तो ध्वनिचित्रफितीवर घेण्याची सोय त्यात आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता आवश्यक आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचं आहे. मोबाइलमधला किंवा संगणकातला पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र लागतं आणि मूळ नोंदीत फेरफार झाला नाही हे पडताळणारा सांकेतिक आकडाही त्यात द्यावा लागतो.

कॅमेरा आल्याने प्रश्न संपले असं मात्र मी म्हणणार नाही. चित्रफितीत माणूस शांतपणे बोलताना दिसतो. ती सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस तिच्यात नसतात. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात कोणी घरात शिरताना दिसला, तरी तो पुरावा ग्वाल्हेरच्या टांगेवाल्याइतकाच बोलतो. दारापर्यंत.

न्यायालयाबाहेर राहिलेले जबाब

या हत्येमागच्या कटाची चौकशी करायला सरकारने पुढे आयोग नेमला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी १०१ साक्षीदार तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांनी मुंबई पोलिसांना दिलेले जबाब या अहवालामुळे चर्चेत आले. जानेवारी १९४८ मध्ये गोडसे आणि आपटे सावरकरांना भेटल्याचं त्यांत आहे. कपूर यांनी सावरकरांच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष लिहिला, आणि तेव्हापासून वादात दोन्ही बाजू आपापला कागद फडकावत आल्या आहेत. एकीकडे निर्दोष सुटल्याचा निकाल, दुसरीकडे आयोगाचा अहवाल.

पुराव्याच्या नजरेने पाहिलं तर हे दोन कागद एका जातीचे नाहीत. आयोग शिक्षा देत नाही आणि शाबितीची फौजदारी कसोटीही त्याला लागू नसते. त्याच्यापुढे आरोपी नसतो. सावरकर तर फेब्रुवारी १९६६ मध्येच वारले होते. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब हा तेव्हाही पुरावा नव्हता आणि आजही नाही. साक्षीदार कोर्टात येऊन शपथेवर बोलला तर त्याला खोडून काढण्यापुरताच तो वापरता येतो. कासार आणि दामले यांना कोणी शपथ दिली नाही, उलटतपासणीत विचारलं नाही की तुम्ही किती दिवस कोठडीत होता, भेटीची तारीख तुम्हाला कशावरून आठवते, भेटीत काय बोलणं झालं हे तुम्ही स्वतः ऐकलं का. ते जबाब ४ मार्च १९४८ चे आहेत. लाल किल्ल्यातल्या साक्षी त्यानंतर साडेतीन महिन्यांनी सुरू झाल्या आणि आणखी साडेचार महिने चालल्या. त्या अवधीत या दोघांना पिंजऱ्यात का उभं केलं नाही, हा प्रश्न सरकार पक्षाला विचारायचा आहे आणि इतिहासकारांनी तो जरूर विचारावा. त्या प्रश्नाचं ओझं आरोपीच्या बाजूच्या पारड्यात टाकता येत नाही.